फर्स्ट इयरच्या मुलांना डिसेक्शनबरोबरच म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला नेलं तर? कोणी केलंय का?

डिसेक्शनहॉल_मॅडम

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, इथे डॉक्टर, सिस्टर, विद्यार्थी सगळेच आहेत म्हणून विचारते.

आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मुलं शव उघडून शरीर शिकतात तिथे, टेबलांवर जी शवं असतात ती बहुतेक म्हाताऱ्या माणसांची. देहदानातून आलेली तर सत्तरी ऐंशीच्या पुढचीच जास्त. आणि मुलांच्या हातातल्या अ‍ॅटलासमध्ये कोण, तर तिशीतला पिळदार पुरुष. मग होतं असं की मुलगा चित्रात बघून बायसेप्स शोधतो, टेबलावर त्याला झिजून बारीक झालेला स्नायू सापडतो, आणि तो म्हणतो मॅडम ही बॉडी चांगली नाहीये दुसऱ्या टेबलावर जाऊ का. दात पडून गेलेला खालचा जबडा हातात दिला तर मेंटल फोरामेन, म्हणजे हनुवटीजवळ नस बाहेर येते ते छिद्र, पार वरच्या कडेला गेलेलं असतं, तिथे निम्मी मुलं अडकतात. एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, उघडताना आत कॅल्शियम साठलेलं असतं, कात्री चालवली की कुरकुर आवाज येतो. एखाद्याच्या उरोस्थीला स्टीलच्या तारा असतात, बायपासच्या, मग पायाकडे बघितलं की सॅफेनस व्हेन तिथे नाहीच, ती बायपासला वापरलेली. एका टेबलावर मांडीच्या हाडात हिपचं इम्प्लांट निघालं तेव्हा आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं सगळी तिथे गोळा झाली, आणि तास संपेपर्यंत प्रश्न थांबले नाहीत. इतका जिवंत तास मी आठवड्याच्या लेक्चरमध्ये घेऊ शकत नाही.

म्हणजे म्हातारपणाचं शरीर आपण मुलांना रोज दाखवतोय, पण 'हे नॉर्मल नाही' म्हणून बाजूला सारतोय. आणि उद्या ओपीडीत आणि वॉर्डात यांच्यासमोर बसणार कोण? २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातली जवळपास १० माणसं साठीच्या वरची होती, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त, आणि त्यानंतर हा आकडा वाढतच गेलाय.

माझ्या मनात असं आहे की ज्या आठवड्यात लोअर लिंबचं, म्हणजे पायाचं, डिसेक्शन चालू असेल त्याच आठवड्यात मुलांनी वृद्धाश्रमात नाहीतर फॅमिली अडॉप्शनच्या (मुलांनी गावातली काही कुटुंबं घेऊन त्यांची तब्येत बघत राहायची) गावात जाऊन आजी-आजोबांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं, पाय चेपायचे, नखं कापायची. नुसतं बघायला नाही, कामाला. २०१९ पासून नवीन अभ्यासक्रमात अर्ली क्लिनिकल एक्सपोजर (पहिल्या वर्षापासूनच पेशंटची ओळख) आहे, एटकॉममध्ये (वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) शव हा पहिला गुरू असं वेगळं मॉड्यूल आहे, २०२१-२२ च्या बॅचपासून फॅमिली अडॉप्शन आहे. म्हणजे कागदावर वेळ आहे. फक्त गावाला मुलं कम्युनिटी मेडिसिनबरोबर जातात आणि अ‍ॅनाटॉमीवाले आम्ही हॉलमध्येच, दोघांची गाठच पडत नाही.

आमच्याकडे १५० मुलं आहेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की पहिल्या वर्षाच्या मुलांना काय येतं, एखाद्या आजींना पाडून ठेवतील. ही भीती मला खोटी वाटत नाही म्हणूनच विचारते. कोणी असं केलंय का, मुलांकडून काय काम करून घ्यावं, काय अजिबात करू देऊ नये?

वॉर्डसिस्टर_पुणे

मॅडम तुमचा विचार फार आवडला. मी आधी सरकारी हॉस्पिटलात होते, आता वृद्धाश्रमात नर्सिंग बघते, अंथरुणाला खिळलेली माणसं आमच्याकडे बरीच आहेत. मनापासून सांगते, राग मानू नका.

कॉलेजची मुलं आमच्याकडे येतात. साडेअकराला येतात, केळी वाटतात, गाणी म्हणतात, फोटो काढतात, जातात. त्या वेळेला आमचे आजी-आजोबा दमलेले असतात, आंघोळ, नाश्ता, गोळ्या सगळं उरकून त्यांना आडवं व्हायचं असतं. खरं शरीर बघायचं तर सकाळी साडेसहाला या, आम्ही डायपर बदलतो, स्पंजिंग करतो, कूस बदलतो तेव्हा. एका मावशीबरोबर दोन मुलं, त्याहून जास्त नाही. १५० मुलांचे छोटे गट पाडा आणि वर्षभर पुरवा, पण एका दिवशी बस भरून आणू नका.

आता काय शिकवता येईल ते सांगते. आमच्याकडे एक आजी आहेत, पॅरालिसिसच्या, डावी बाजू गेलेली. नवीन मावशी त्यांना उठवताना काखेत हात घालून वर ओढायच्या. तो खांदा आधीच सैल झालेला असतो, धरून ठेवणाऱ्या स्नायूंमध्ये ताकदच नाही, ओढला की सांध्यातून खाली सरकतो आणि मग आजी महिनाभर कण्हत राहतात. मी मावशींना सांगते की कमरेला धरा, पट्टा बांधा, खांद्याला ओढायचं नाही. तुमच्या मुलांनी त्याच आठवड्यात खांद्याचे डेल्टॉइड आणि सुप्रास्पायनेटस हे स्नायू वेगळे केले असतील ना, मग त्यांना हे दोनदा सांगावं लागणार नाही.

बेडसोअरचंही तसंच. माकडहाडाच्या वर, टाचेला, कुशीवर झोपलं की मांडीच्या बाजूच्या उंचवट्याला, जिथे जिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस उरलेलं नाही तिथेच जखम होते. मुलांनी आधी स्वतःच्या हाताने ती ठिकाणं चाचपून बघावीत, मग दर दोन तासांनी कूस का बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी का, टाच अधांतरी का ठेवायची हे आपोआप कळतं. आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जी नस हाडाला वळसा घालून जाते ती दाबली गेली की पाऊल लोंबकळतं, आमच्याकडे एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिलेल्या आजोबांचं झालं होतं ते, दुसऱ्या ठिकाणाहून आले होते.

जेवण भरवणं हे सगळ्यात चांगलं काम. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान, गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. उजवी श्वासनळी जास्त रुंद आणि सरळ असते हे मुलं पाठ करतात, पण वरणभात तिकडे गेला की काय होतं ते एकदा ठसका बघितला की कळतं.

आता करू देऊ नका ते. नखं कापायला देऊ नका, निदान सुरुवातीला. डायबेटिसच्या माणसाच्या पायाला टाचणीएवढी जखम झाली तरी ती कधी कधी महिनोन् महिने भरत नाही. एकट्याने उभं करायचं नाही. आधी बसवा, पाय खाली सोडून मिनिट दोन मिनिटं बसू द्या, चक्कर येत नाही ना विचारा, मग उभं. कॅथेटर, इंजेक्शन, ट्यूब या कशाला हात नाही. आणि अंगावरचं पांघरूण काढताना विचारायचं. "आजी, पाठ बघू का?" असं, आणि पडदा ओढून. आजींनी नाही म्हटलं तर नाही. बोलता न येणाऱ्या माणसालाही विचारायचं, त्यांचे डोळे सांगतात.

थर्डइयर_लातूर

सिस्टर तुम्ही लिहिलंत ते आम्हाला फर्स्ट इयरला कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी फर्स्ट इयरला असताना माझी आजी न्हाणीघरात पडली. गावी होतो मी. घरचे म्हणत होते पाय मुरगळलाय, तेल लावू. मी बघितलं तर एक पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. तोवर फक्त हाडं झाली होती आमची, फीमरची नेक, म्हणजे मांडीच्या हाडाची मान, मी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) घडाघडा बोललो होतो, पण समोर ते बघून पहिल्यांदा लक्षात आलं की हेच ते. काका म्हणाले वयाचं आहे, बसेल आपोआप. मी हट्टाने गाडी करून न्यायला लावलं, पाय हलू न देता. नंतर लोअर लिंबचं डिसेक्शन आलं तेव्हा मी मीडियल सर्कमफ्लेक्स आर्टरी शोधायला किती वेळ घालवला असेल, कारण ऑर्थोच्या सरांनी सांगितलं होतं की नेकला कॅप्सूलच्या, म्हणजे सांध्याच्या आवरणाच्या, आत फ्रॅक्चर झालं की त्या आर्टरीच्या बारीक फांद्या तुटतात आणि हाडाच्या गोल डोक्याकडचं रक्त बंद होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसात जोडत न बसता बऱ्याचदा बॉलच बदलतात. आजीचाही बदलला. ती आर्टरी मी आयुष्यात विसरणार नाही.

पण मॅडम एक प्रॅक्टिकल अडचण सांगतो, रागावू नका. याला मार्क नसतील तर मुलं येणार नाहीत. फॅमिली अडॉप्शनच्या लॉगबुकचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं. मुलं वाईट नाहीत, पण तीन विषयांचे इंटर्नल असतात, डोक्यावर टांगती तलवार असते. त्यापेक्षा व्हायवात एक प्रश्न ठेवा की तू ज्या आजी किंवा आजोबांना भेटलास ते खुर्चीतून कसे उठतात ते सांग, कुठला स्नायू कमी पडतो, हात का टेकवावे लागतात. हे उतरवता येत नाही, कारण प्रत्येकाचे आजोबा वेगळे. ओस्पीच्या (प्रात्यक्षिक परीक्षेच्या) एका स्टेशनलाही ठेवता येईल.

आणि गावाचं म्हणाल तर दुपारी आम्ही फॅमिली अडॉप्शनला जायचो तेव्हा घरात आजी-आजोबाच असायचे, बाकी सगळे शेतात नाहीतर कामावर. फॉर्ममध्ये त्यांचं बीपी आणि शुगर लिहायला जागा होती पण ते बोलायचे भलतंच, गुडघा, कान, रात्री लघवीला उठावं लागतं, ते लिहायला जागाच नाही. म्हणजे तुम्हाला वेगळं काही उभं करायची गरज नाही, माणसं आहेतच तिथे.

निवृत्त_मास्तर_सातारा

मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, आता वय ७९. पत्नीने आणि मी दोघांनी देहदानाचा फॉर्म भरला आहे. पत्नी गेली तेव्हा तिचे डोळे आधी दिले, ते सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, आणि मग मुलाने आणि मी तिला कॉलेजात पोचवलं. दोन कामं एकाच दिवशी होतात, लोकांना वाटतं एकच करता येतं.

मॅडम, तुमच्या हॉलमधली मुलं आम्हाला मेल्यावर भेटतात. मला वाटतं त्यांनी जिवंतपणीही भेटावं. माझ्या गुडघ्यात काय झालंय, ऐकू कसं येतं, जिना उतरताना कशाची भीती वाटते हे मी त्यांना आज सांगू शकतो. त्यासाठी मला अंथरुणाला खिळायची गरज नाही. कानाचंच घ्या. मुलं माझ्याशी बोलताना ओरडतात, आवाज चढवतात, त्याने मला उलट कमी कळतं. नातीने मला समजावून सांगितलं की उंच पट्टीचे आवाज कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, तळाच्या वेढ्यात टिपले जातात आणि वयाने आधी तिथल्याच पेशी जातात. म्हणून समोर बसून, तोंड दिसेल असं, खालच्या पट्टीत सावकाश बोललं की मला सगळं समजतं. हे एका विद्यार्थ्याला समजलं तरी त्याच्या पुढच्या हजारो पेशंटांना उपयोग होईल.

तेव्हा माझी सूचना अशी की फॉर्म भरलेल्या ज्येष्ठांनाच तुम्ही वर्षातून चार वेळा कॉलेजात बोलवा. आम्ही आनंदाने येऊ. आम्ही शरीर द्यायचं ठरवलंच आहे, वेळ द्यायला काय हरकत.

कोल्हापूरची_लेक

काका तुमच्याबद्दल आदर वाटला, आणि काकूंबद्दलही. पण तुमच्या सूचनेला माझा विरोध आहे, स्पष्ट लिहिते.

माझे बाबा पार्किन्सनचे, घरीच असतात, मी नोकरी सांभाळून बघते. कॉलेजची मुलं घरी आली आणि सगळं चांगलं वागली, बाबांना चालवलं, गप्पा मारल्या, आणि मग जाताना एखाद्याने देहदानाचा विषय काढला तर मला काय वाटेल? की हे माणसाला बघायला आलेच नव्हते, पुढच्या शवासाठी आले होते. आमच्या गल्लीत तर ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरेल आणि पुन्हा कोणी दार उघडणार नाही. वृद्धाश्रमात तर याहून वाईट. तिथे ज्यांचं कोणीच नाही अशी माणसं असतात. अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट १९४९ पासून आहे आणि बेवारस देह कॉलेजांना त्यातूनच मिळत आलेत हे वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजोबांनी ऐकलेलं असेल तर ते या मुलांकडे कसे बघतील?

म्हणून मॅडम, सेवा आणि देहदान या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच तोंडून यायला नकोत. मुलांना तिथे सक्त सांगा की हा विषय काढायचा नाही. कोणी स्वतः विचारलं तर फक्त एवढंच, की ऑफिसात चौकशी करा.

बाकी घरी मुलं आली तर मला हवीच आहेत. बाबा दारातून आत येताना अडकतात, पाय उचलतच नाही, जमिनीवर पट्टी मारली की पाऊल पडतं. मी हे फिजिओच्या ताईंकडून शिकले. मुलांनी हे बघावं, आणि मला तासभर बाजारात जाऊन येता यावं. घरी बघणाऱ्या माणसाला तासभर मिळणं काय असतं ते बघणाऱ्यालाच माहीत.

निवृत्त_मास्तर_सातारा

ताई, तुमचं वृद्धाश्रमाबद्दलचं म्हणणं पटलं, तिथे हा विषय नकोच. पण मी स्वतःहून जाणाऱ्यांबद्दल बोलतोय. ज्याने फॉर्म भरला त्याला काही लपवायचं नसतं. आणि एक गोष्ट लोकांना माहीत असायला हवी, म्हणून इथेच लिहितो. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. घरच्यांनी त्या दिवशी नाही म्हटलं तर देह जात नाही. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, काही संसर्गाचे आजार असले तरी घेत नाहीत. म्हणून मुलांशी, सुनेशी आत्ताच बोलून ठेवा. माझ्या मुलाला मी तीन वर्षं समजावत होतो.

डिसेक्शनहॉल_मॅडम

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. परवा आमच्या विभागात बैठक आहे म्हणून आत्ताच ठरवून टाकते.

सिस्टर, नखं माझ्या यादीतून काढली. सकाळी साडेसहाची वेळ हॉस्टेलच्या मुलांना जमेल, आमच्याकडे हॉस्टेल आवारातच आहे. एका मावशीबरोबर दोन मुलं हे मान्य. पहिले दोन तास आम्ही आमच्याच स्किल लॅबमध्ये एकमेकांवर सराव करून घेऊ, कूस बदलणं आणि बसवणं, मगच कोणाच्या अंगाला हात.

कोल्हापूरच्या ताई, तुमचा मुद्दा मी जसाच्या तसा नियम म्हणून लिहून ठेवतेय. देहदान हा विषय हॉलमध्येच, शवाचा मान राखण्याची शपथ घेतात त्या वेळी. आणि काका, तुमच्यासारख्यांना मी वेगळं बोलवणार, सेवेच्या दिवसाशी त्याचा संबंध नाही, फॉर्म भरलेल्या ज्येष्ठांचा स्वतंत्र तास. तुम्ही कानाचं लिहिलंत ते हेड अँड नेकच्या आठवड्यात हवं आहे मला. साताऱ्याहून इतक्या लांब नको, पण आमच्या भागात तुमच्यासारखे असतीलच.

थर्डइयर, व्हायवाचा प्रश्न घेते. मी स्वतःच इंटर्नलला विचारीन. जोडी अशी लावतेय की खांदा आणि काख चालू असताना उठवणं-बसवणं, लोअर लिंबला चाल आणि खुर्चीतून उठणं, थोरॅक्सला (छातीला) भरवणं, पाठीला कूस बदलणं. आणि हॉलमध्ये परतल्यावर त्याच टेबलावर तीच जागा पुन्हा उघडून बघायची. झिजलेला स्नायू दिसला की "ही बॉडी चांगली नाही" हे वाक्य कोणी बोलणार नाही अशी माझी खात्री आहे, आणि बोललं तर त्याला मी त्याचे आजोबा कसे उठतात ते विचारीन.

एक शंका राहिली. मुलं आजारी असतील, सर्दी-खोकला वगैरे, आणि मुलांच्या लसी, याबद्दल वृद्धाश्रमाचं काय म्हणणं असतं?

वॉर्डसिस्टर_पुणे

सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, यातलं काही असेल तर त्या दिवशी अजिबात पाठवू नका, हजेरीची भीती असेल तर मुलं लपवतात म्हणून ती हजेरी आधीच माफ करून टाका. हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले हवेत, फ्लूची लस घेतलेली असेल तर उत्तम. अंगठ्या, घड्याळ, हातातले धागे काढून यायचं, कातडी इतकी पातळ असते की नखाने सुद्धा फाटते, मुलींनीही नखं कापून या. हात धुणं येताना, प्रत्येक माणसाच्या आधी आणि नंतर. मोबाईल आमच्याकडे कपाटात. आणि मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः या मुलांबरोबर, साडेसहाला.